आज्ञावलीतील अंतर्भूत प्रलेखन

संगणकाच्या आज्ञावलीचे स्पष्टीकरण तिच्या मूळ फायलीतच, आज्ञांच्या शेजारी, ठराविक खुणा वापरून लिहून ठेवण्याच्या पद्धतीला अंतर्भूत प्रलेखन म्हणतात. अशा प्रकारे लिहिलेला मजकूर दुसऱ्या एखाद्या आज्ञावलीच्या साहाय्याने वेगळा काढून त्यापासून पुस्तिका, संदर्भसूची किंवा पडद्यावर दिसणारी साहाय्य-पाने तयार करतात. या क्रियेस प्रलेख-निष्कर्षण व ती करणाऱ्या साधनास प्रलेखजनक असे म्हणता येईल. जावाडॉक, डॉक्सिजन, स्फिंक्स ही या प्रकारची सुपरिचित साधने होत. निष्कर्षणामुळे आज्ञा व तिचे स्पष्टीकरण ही एकाच ठिकाणी राहतात, विखुरत नाहीत, हा या पद्धतीचा मुख्य लाभ आहे. तथापि स्पष्टीकरण आज्ञेच्या शेजारी असले म्हणजे ते खरे असतेच, असे नाही. मजकूर गोळा करणे व तो पडताळणे या दोन भिन्न क्रिया असून त्यांपैकी पहिली बहुतांशी यंत्राकडून होते, तर दुसरी अजूनही प्रामुख्याने माणसालाच करावी लागते.

गरज : आज्ञावली लिहिणारी व्यक्ती व ती वापरणारी व्यक्ती या बहुधा वेगळ्या असतात. मोठ्या आज्ञावलीत हजारो फंक्शने असतात. फंक्शन म्हणजे ठराविक काम करणारा व नावाने बोलावता येणारा आज्ञांचा गट होय. एखादे फंक्शन वापरू इच्छिणाऱ्याला त्याच्या आतील सर्व आज्ञा वाचण्याची गरज नसते; त्याला कोणती प्राचले द्यावयाची, ती कोणत्या एककांत द्यावयाची, उत्तर काय मिळेल व कोणत्या परिस्थितीत फंक्शन काम करण्यास नकार देईल, एवढेच माहीत असावे लागते. ही माहिती स्वतंत्र पुस्तिकेत लिहिली, तर आज्ञावलीत बदल होताना पुस्तिकेत बदल करण्याचे राहून जाते. काही वर्षांत पुस्तिका व आज्ञावली यांच्यात इतके अंतर पडते की, पुस्तिकेवर विसंबणे धोक्याचे ठरते. आज्ञा बदलणाऱ्याच्या डोळ्यांसमोरच तिचे स्पष्टीकरण असावे, म्हणजे तो ते त्याच वेळी दुरुस्त करील, या अपेक्षेतून अंतर्भूत प्रलेखनाची पद्धत रूढ झाली.

इतिहास : बहुतेक संगणकीय भाषांमध्ये टीप लिहिण्याची सोय आरंभापासून आहे. टीप म्हणजे कंपायलरने दुर्लक्ष करावे असा, केवळ माणसासाठी लिहिलेला मजकूर. सी या भाषेत तर रूपांतराच्या सुरुवातीच्या टप्प्यातच प्रत्येक टिपेच्या जागी एक मोकळी जागा धरली जाते. त्यामुळे तयार झालेल्या यांत्रिक आज्ञावलीत टिपेचा मागमूसही उरत नाही. म्हणून दीर्घ काळ प्रलेखन वेगळेच लिहिले जाई. युनिक्स या कार्यकारी प्रणालीची १९७१ मध्ये निघालेली पुस्तिका ही अशा स्वतंत्र प्रलेखनाचे उत्तम उदाहरण होय.

टीप टाकून न देता ती वापरणाऱ्यापर्यंत पोहोचवावी, ही कल्पना लिस्प भाषेच्या परिसरात रुजली. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९७६ मध्ये विकसित झालेल्या ईमॅक्स या मजकूर-संपादकास ‘स्वतःचे प्रलेखन करणारा’ असे विशेषण लावीत, कारण कोणती कळ दाबल्यास काय होईल हे त्यालाच विचारता येई. रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू ईमॅक्समध्ये (१९८५) प्रत्येक फंक्शनसोबत स्पष्टीकरणाची एक ओळमालिका ठेवलेली असते. संगणकाची स्मृती तुटपुंजी असल्यामुळे ‘मेक-डॉकफाइल’ ही छोटी आज्ञावली सी व लिस्प या दोन्ही भाषांतील फायलींमधून या ओळमालिका गोळा करून एका वेगळ्या फायलीत ठेवी आणि गरज पडेल तेव्हाच त्या तेथून वाचल्या जात.

अमेरिकन गणितज्ञ व संगणकशास्त्रज्ञ डॉनल्ड कनूथ यांनी याहून मूलगामी विचार मांडला. १९८४ साली द कॉम्प्यूटर जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी ‘साक्षर आज्ञावलीलेखन’ ही संकल्पना विशद केली. आज्ञावली ही यंत्राला दिलेली सूचना नसून माणसाला उद्देशून लिहिलेला निबंध आहे असे मानावे व आज्ञा त्या निबंधात योग्य जागी गुंफाव्यात, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांच्या ‘वेब’ या प्रणालीत एकाच मूळ फायलीपासून दोन फले मिळत : ‘टँगल’ हे साधन त्यातून पास्कल भाषेतील आज्ञावली काढी, तर ‘वीव्ह’ हे साधन छपाईयोग्य प्रलेख तयार करी. टेक ही कनूथ यांची अक्षरजुळणीची प्रणाली या पद्धतीने लिहिली गेली व तिची संपूर्ण आज्ञावली १९८६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. टँगलच्या बाबतीत निष्कर्षणाची दिशा नेहमीपेक्षा उलटी होती. तेथे प्रलेखातून आज्ञा काढल्या जात. ही पद्धत लेखकाकडून मोठ्या शिस्तीची अपेक्षा करीत असल्यामुळे उद्योगक्षेत्रात ती फारशी पसरली नाही. मात्र आज्ञा व स्पष्टीकरण यांचे मूळ एकच असावे, हे तिचे तत्त्व सर्वमान्य झाले.

१९९० नंतरच्या दशकात या तत्त्वाची सुलभ रूपे प्रचारात आली. पर्ल भाषेच्या पाचव्या आवृत्तीत (१९९४) ‘पॉड’ ही साधी प्रलेखन-लिपी आली. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने जावा भाषेबरोबरच जावाडॉक हे साधन दिले व भाषेच्या प्रमाण ग्रंथालयाची संदर्भ-पानेही त्याच साधनाने तयार केली. नेदर्लंड्समधील दिमित्री फान हेश यांनी १९९७ मध्ये डॉक्सिजन हे साधन प्रसिद्ध केले. सी++, सी व इतर अनेक भाषांसाठी ते वापरतात. पायथन भाषेत फंक्शनच्या आरंभी लिहिलेली ओळमालिका त्या फंक्शनला कायमची चिकटून राहते आणि आज्ञावली चालू असतानाही वाचता येते. तिच्या लेखनाचे संकेत २००१ मध्ये निश्चित झाले व २००८ मध्ये गेओर्ग ब्रांडल यांनी स्फिंक्स हे साधन उपलब्ध करून दिले. गो, रस्ट यांसारख्या नंतरच्या भाषांत तर प्रलेखजनक हे भाषेच्या मूळ साधनसंचाचाच भाग आहे.

कार्यपद्धती : निष्कर्षणाची क्रिया एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. समजा, रायगड जिल्ह्यातील रोहा शहरालगतच्या वरसे येथील घरांची घरपट्टी काढण्यासाठी एक आज्ञावली लिहिली आहे. तिच्यातील ‘घरपट्टी’ या फंक्शनच्या अगोदर पुढील टीप आहे. (खुणांची नावे येथे मराठीत दिली आहेत.)

/**
 * घराची वार्षिक घरपट्टी काढते.
 * @प्राचल क्षेत्रफळ : बांधीव क्षेत्रफळ, चौरस फुटांत
 * @प्राचल दर : दर चौरस मीटरला रुपये
 * @फल : घरपट्टी, रुपयांत
 */

प्रलेखजनक हे काम पाच टप्प्यांत करतो. पहिला टप्पा टीप शोधण्याचा. आरंभी तिरकी रेघ व दोन तारका असलेली टीपच प्रलेखासाठी आहे, असा संकेत असतो. एकच तारका असलेली टीप ही आज्ञावली लिहिणाऱ्यांची आपसांतील नोंद समजून सोडून दिली जाते. हा शोध वाटतो तितका सोपा नाही. सी++ भाषेत लागोपाठ दोन तिरक्या रेघा आल्या की, तेथून टीप सुरू होते; परंतु अवतरणचिन्हांत लिहिलेल्या एखाद्या वेब-पत्त्यातही तशाच दोन रेघा असतात व तेथे त्या टिपेचा आरंभ दर्शवीत नाहीत. म्हणून केवळ चिन्हांची जुळणी करून भागत नाही. फायलीतील शब्दघटक भाषेच्या नियमांप्रमाणे ओळखावे लागतात.

दुसरा टप्पा टीप व आज्ञा यांची सांगड घालण्याचा. टीप कोणत्या फंक्शनची, हे तिच्या जागेवरून ठरते. जावामध्ये घोषणेच्या लगेच आधीची टीप त्या घोषणेची मानतात. गो भाषेत टीप व घोषणा यांच्यामध्ये एक ओळ मोकळी राहिली, तरी त्यांचा संबंध तुटतो. पायथनमध्ये फंक्शनच्या अंतर्भागातील पहिले विधान हीच स्पष्टीकरणाची जागा असते. याच टप्प्यात फंक्शनचे नाव, प्राचलांची संख्या व त्यांचे प्रकार ही माहिती थेट आज्ञेतूनच उचलली जाते. ती कोणी हाताने लिहिलेली नसल्यामुळे प्रलेखाचा सर्वांत भरवशाचा भाग तीच होय.

तिसऱ्या टप्प्यात खुणांचा अर्थ लावला जातो. प्राचल, फल, अपवाद, ‘हेही पहा’ अशा खुणांमागील मजकूर वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवला जातो. चौथ्या टप्प्यात एका स्पष्टीकरणात आलेले दुसऱ्या फंक्शनचे नाव ओळखून तेथे दुवा जोडतात व सर्व नावांची अकारविल्हे सूची करतात. पाचव्या टप्प्यात हा संग्रह वेबपाने, छपाईची पुस्तिका किंवा अन्य स्वरूपात मांडला जातो. सर्वच फंक्शने बाहेरच्यांसाठी नसतात. म्हणून जावाडॉक स्वभावतः सार्वजनिक व संरक्षित घटकांचेच प्रलेखन करतो आणि खाजगी घटक वगळतो.

निष्कर्षणाचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात फाईल केवळ वाचली जाते, चालविली जात नाही. डॉक्सिजन या मार्गाने जातो. दुसऱ्यात आज्ञावली प्रत्यक्ष स्मृतीत आणून तिच्या घटकांना चिकटलेली स्पष्टीकरणे विचारून घेतली जातात. स्फिंक्समधील ‘ऑटोडॉक’ हा विभाग असे करतो. दुसऱ्या मार्गात फंक्शनची खरी अवस्था कळते, पण फाईल स्मृतीत आणताना तिच्यातील वरच्या पातळीवरील आज्ञा चालतात. एखादी फाईल उघडताच माहितीसाठ्यात नोंद करणारी असेल, तर पुस्तिका तयार करण्याच्या निमित्ताने ती नोंदही होऊन बसेल. म्हणून अशा आज्ञा वेगळ्या व संरक्षित ठेवण्याची दक्षता घ्यावी लागते.

महाराष्ट्रातील उपयोग : मुंबई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत (पवई) चाललेल्या मुक्त आज्ञावलींच्या कामात या पद्धतीचा उपयोग ठळकपणे दिसतो. भारत सरकारच्या शिक्षण मंत्रालयाच्या अर्थसाहाय्याने चालणाऱ्या तेथील ‘फॉसी’ या प्रकल्पाने सायलॅब या गणिती प्रणालीसाठी अनेक साधनसंच तयार केले. त्यांपैकी इष्टतमीकरणाच्या साधनसंचातील ‘क्यूपीआयपीऑप्ट’ हे फंक्शन द्विघाती उद्दिष्ट असलेली गणिते सोडविते. या फंक्शनच्या फायलीत आरंभीच बोलावण्याची रीत, प्राचले, वर्णन, उदाहरणे व लेखक असे मथळे देऊन टीप लिहिलेली आहे. सायलॅबमधील ‘हेल्प_फ्रॉम_साय’ हे साधन त्या टिपेपासून साहाय्य-पान तयार करते आणि ते पान कोणत्या मूळ फायलीतून निघाले, याची नोंदही त्यावर करते. या नोंदीचे महत्त्व असे की, दुरुस्ती करू इच्छिणाऱ्याला पानावर हात न लावता मूळ फायलीकडे जाण्याची सूचना मिळते. निर्माण झालेले पान हाताने सुधारले, तर पुढच्या निष्कर्षणाच्या वेळी ती सुधारणा पुसली जाते.

याच संस्थेच्या वांतरिक्ष अभियांत्रिकी विभागातील प्रभू रामचंद्रन यांनी सुरू केलेली मायावी ही त्रिमितीय चित्रणाची पायथन-आधारित प्रणाली जगभर वापरली जाते. तिच्या संदर्भ-पानांवरील प्रत्येक चित्रण-फंक्शनचे वर्णन त्या फंक्शनच्या अंतर्भूत ओळमालिकेतूनच घेतलेले असते.

संस्थेच्या संगणकशास्त्र विभागातील जीसीसी संसाधन केंद्राचा अनुभव या पद्धतीची दुसरी बाजू दाखवितो. जीसीसी हा १९८७ पासून वाढत गेलेला कंपायलरसंच असून त्याची मूळ आज्ञावली लक्षावधी ओळींची आहे. नव्या प्रक्रियकासाठी तो सिद्ध करताना प्रक्रियकाची वैशिष्ट्ये ठराविक ‘आकड्यां’मध्ये अडकवावी लागतात. या आकड्यांची वर्णने एका मूळ फायलीतच लिहिलेली असतात व ‘जेनहुक्स’ ही आज्ञावली ती वेचून अंतर्गत रचनेच्या पुस्तिकेत घालते. अशा पुस्तिकेतून प्रत्येक घटकाची माहिती मिळते. पण घटकांचा परस्परसंबंध, कामाचा क्रम व रचनेमागील हेतू नवख्याला उमगत नाहीत. केंद्राने उदय खेडकर यांच्या मार्गदर्शनाखाली जीसीसीतील मूलभूत संकल्पनांवर कार्यशाळा घेतल्या (उदा., २०११ व २०१२ मध्ये) आणि त्यांसाठी स्वतंत्र टिपणे तयार केली. निष्कर्षित संदर्भ हा शब्दकोशासारखा असतो. शब्दकोश पाठ करून भाषा येत नाही, त्याप्रमाणे केवळ अशा संदर्भावरून मोठी आज्ञावली समजत नाही. त्यासाठी माणसाने सलग लिहिलेले विवेचन लागते.

जीसीसीच्या संदर्भात एक कायदेशीर प्रश्नही उद्‌भवतो. आज्ञावली एका परवान्याखाली, तर पुस्तिका दुसऱ्या परवान्याखाली वितरित होते. आज्ञावलीतील मजकूर पुस्तिकेत गेला की, तो एका परवान्याच्या कक्षेतून दुसऱ्याच्या कक्षेत जातो. म्हणून पुस्तिकेचा मजकूर बदलल्याचे आढळताच जीसीसीची बांधणी थांबते आणि नव्या मजकुराला पुस्तिकेचा परवाना देण्याचा अधिकार आपणास आहे, याची खात्री करून घेण्याची सूचना पडद्यावर येते. ती खात्री माणसाने करून घेतल्यावरच नवी प्रत मूळ जागी ठेवावयाची असते.

सत्यतेचा प्रश्न : घरपट्टीच्या वरील उदाहरणाकडे पुन्हा वळल्यास निष्कर्षणाची मर्यादा स्पष्ट होते. मूळ फंक्शन चौरस फुटांतील क्षेत्रफळ घेऊन त्याचे चौरस मीटर करते व दराने गुणते, असे समजू. ६०० चौ. फुटांच्या घराचे क्षेत्रफळ सु. ५५.७४ चौ. मी. भरते आणि दर चौ. मी.ला ५ रु. धरल्यास घरपट्टी सु. २७९ रु. होते. पुढे कोणी क्षेत्रफळ थेट चौरस मीटरमध्ये घेण्याचे ठरवून रूपांतराची आज्ञा काढून टाकली, पण टीप तशीच ठेवली. प्रलेखजनक जुनी टीप निष्ठेने छापील. पुस्तिका वाचून काम करणारा लिपिक ६०० हाच आकडा भरील आणि घरमालकाच्या हाती ३,००० रु.ची मागणी पडेल. प्राचलाचे नाव बदलले असते, तर डॉक्सिजनने टिपेतील नाव आज्ञेत सापडत नसल्याचा इशारा दिला असता. एकक बदलल्याचे मात्र त्याला कळू शकत नाही, कारण ‘चौरस फूट’ हे शब्द त्याच्या दृष्टीने केवळ मजकूर असतात.

अशा विसंगतीचे परिणाम किती मोठे असू शकतात, हे अमेरिकेच्या मंगळ हवामान परिभ्रमक या यानाच्या अपघातावरून दिसून येते. २३ सप्टेंबर १९९९ रोजी हे यान मंगळाजवळ नष्ट झाले. जमिनीवरील एका आज्ञावलीने आवेगाचे आकडे न्यूटन-सेकंदात द्यावेत, असे तपशील-लेखात नमूद होते. आज्ञावली ते पौंडबल-सेकंदात देत होती. दोहोंत सु. ४.४५ पटींचा फरक आहे. येथे लेख बरोबर होता आणि आज्ञावली चुकीची होती. यावरून हे ध्यानात येते की, विसंगती आढळली म्हणजे टीपच चुकली असे गृहीत धरता येत नाही.

इलिनॉय विद्यापीठातील (अर्बाना-शँपेन) संशोधकांनी २००७ मध्ये लिनक्स, मोझिला, वाइन व अपाची या चार मोठ्या आज्ञावलींतील टिपा यांत्रिक पद्धतीने वाचून त्यांतून नियम काढले व आज्ञा ते नियम पाळतात की नाही, हे तपासले. त्यांना ६० विसंगती आढळल्या. त्यांपैकी ३३ ठिकाणी दोष आज्ञांमध्ये होता व २७ ठिकाणी टिपेत. या आकड्यांवरून टीप हा केवळ शोभेचा मजकूर नसून दोष शोधण्याचे साधनही ठरू शकते, असे दिसते.

विसंगती टाळण्याचा एक परिणामकारक उपाय म्हणजे स्पष्टीकरणात चालविता येण्याजोगी उदाहरणे देणे. पायथनमधील ‘डॉकटेस्ट’ हा विभाग २००१ पासून प्रमाण ग्रंथालयात असून तो स्पष्टीकरणातील उदाहरणे वेचून चालवितो व मिळालेले उत्तर लिहिलेल्या उत्तराशी ताडून पाहतो. रस्ट भाषेतही टिपांतील उदाहरणे चाचणीच्या वेळी चालविली जातात. घरपट्टीच्या टिपेत ‘६०० दिल्यास सु. २७९’ असे उदाहरण असते, तर बदललेल्या फंक्शनने ३,००० हे उत्तर देताच चाचणी फसली असती व दोष घरमालकापर्यंत पोहोचण्यापूर्वीच उघड झाला असता. अर्थात हा उपाय दिलेल्या उदाहरणांपुरताच काम करतो. आज्ञा अशी का लिहिली, दुसरा मार्ग का नाकारला, कोणत्या नियमाच्या आधारे दर ठरला या गोष्टी कोणत्याही चाचणीने सिद्ध होत नाहीत.

मराठी प्रलेखन : टिपा व स्पष्टीकरणे बहुधा इंग्रजीत लिहिली जातात, तथापि मराठीत ती लिहिण्यास तांत्रिक अडचण फारशी उरलेली नाही. पूर्वी संगणकीय फाँटांमध्ये देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसविलेली असत. त्यामुळे तो फाँट नसलेल्या संगणकावर मराठी टीप निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसे. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये इस्की हा भारतीय लिपींचा संकेत प्रमाणित केला व त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरीचा समावेश होता. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून (२००८) मूळ फायली युनिकोडमध्ये आहेत असेच गृहीत धरले जाते व फंक्शनची नावेही देवनागरीत देता येतात.

निष्कर्षणानंतरच्या टप्प्यांत मात्र काही बाबी सांभाळाव्या लागतात. छपाईची पुस्तिका तयार करताना देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळविणारे झीटेकसारखे अक्षरजुळणी-साधन निवडावे लागते. सूचीचा क्रम केवळ संकेतांकांनुसार लावला, तर तो मराठी वर्णमालेशी जुळत नाही, उदा., ‘ळ’ हे अक्षर वर्णमालेत ‘ह’नंतर, तर युनिकोडमध्ये ‘ल’च्या लगेच नंतर येते. सूचीतून शब्द शोधणाऱ्या वाचकाच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

मूळ आज्ञावली इंग्रजीत असली, तरी तिचे मराठी रूप सिद्ध करण्याच्या कामी निष्कर्षणाचाच उपयोग होतो. ग्नू गेटटेक्स्टमधील ‘एक्सगेटटेक्स्ट’ हे साधन फायलींमधून पडद्यावर दिसणारी वाक्ये वेचते आणि भाषांतरकारासाठी लिहिलेल्या टिपाही त्यांच्याबरोबर काढून देते. इंग्रजीतील एकच शब्द नाम आहे की क्रियापद, हे अशा टिपेशिवाय कळत नाही आणि मराठीत त्यावरच शब्दाची निवड अवलंबून असते. नोम या चित्रमय कार्यपटलाची मराठी आवृत्ती अशाच फायलींवरून तयार झाली आहे. स्फिंक्समध्येही प्रलेखाची वाक्ये अशा भाषांतर-फायलींमध्ये काढण्याची सोय आहे. मूळ वाक्य बदलल्यास त्याचे जुने भाषांतर ‘संदिग्ध’ ठरवून तपासणीसाठी बाजूला ठेवता येते. म्हणजे टीप व आज्ञा यांच्यातील विसंगतीसारखीच मूळ व भाषांतर यांच्यातील विसंगतीही येथे हिशेबात धरलेली असते.

अलीकडे मोठ्या भाषा-प्रतिमानांच्या साहाय्याने आज्ञा वाचून टीप लिहून देणारी साधने उपलब्ध झाली आहेत. आज्ञेत काय आहे याचे वर्णन ती करू शकतात. परंतु आज्ञेतच चूक असेल, तर त्या चुकीचेच व्यवस्थित वर्णन तयार होण्याचा संभव असतो. घरपट्टीच्या उदाहरणात अशा साधनाने क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये द्यावे अशी नवी टीप लिहिली असती व ती आज्ञेशी तंतोतंत जुळली असती. नोंदवहीतील आकडे चौरस फुटांत आहेत, हे मात्र नोंदवही पाहणाऱ्यालाच ठाऊक असते. म्हणून आज्ञा बदलताना टीपही त्याच वेळी बदलणे, शक्य तेथे चालविता येणारे उदाहरण देणे, एकके व अटी स्पष्ट लिहिणे आणि प्रसिद्धीपूर्वी निष्कर्षित पाने ती वापरणाऱ्या व्यक्तीकडून वाचून घेणे, ही दक्षता सर्व प्रकारच्या साधनांच्या बाबतीत सारखीच आवश्यक ठरते.